तोरणासाठी दार

माझ्या नवऱ्याची जयपूरला बदली झाली तेव्हा रेल्वेचं क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं. म्हणून आम्ही आधी शास्त्रीनगरात एक खोली घेतली. खोली चांगली होती. घरमालकीण रोज सकाळी माझ्याशी गप्पा मारायची. पुढं कुणाकडून तरी तिला आमची जात कळली आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाला ती खोली हवी झाली. तो भाऊ मी कधी पाहिला नाही. आम्ही भांडलो नाही. सामान उचललं आणि शहराच्या टोकाला नव्या उंच इमारती झाल्या होत्या तिथं भाड्यानं घर घेतलं.

आम्ही बौद्ध, खानदेशातले. मी लहान असताना आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि घरातले देव नदीत सोडले. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी भावंडं सांभाळायची होती. लिहिता-वाचता येतं, हिशेब येतो. एवढं पुरलं.

त्या इमारती आठ मजली होत्या. जयपूरच्या माणसाला तेव्हा असल्या घराची सवय नव्हती. त्याला अंगण लागतं आणि वर स्वतःची गच्ची लागते. रविवारी शहरातून लोक नुसते बघायला यायचे. मान वर करून मजले मोजायचे आणि म्हणायचे, वीज गेली की हे लोक काय करत असतील? वीज गेली की आम्ही अंधारात बसत होतो आणि वरचे जिना चढत होते. मागच्या बाजूला बाजरीची शेतं होती. पहाटे मोर ओरडायचे, आणि त्यांचा आवाज काही गोड नसतो. मे महिन्यात पश्चिमेकडून आंधी आली की खिडक्या बंद असल्या तरी पोळीच्या पिठात वाळू लागायची.

वरची घरं हवा खेळते म्हणून लोकांनी आधी घेतली होती. तळमजला कुणाला नको होता, म्हणून आम्हांला मिळाला. इमारतीचा खालचा बराच भाग खांबांवर मोकळा होता, स्कूटरी ठेवायला. एका बाजूला पंप आणि चौकीदाराची खोली. दुसऱ्या बाजूला आमचं घर. खाली घर एकच, आणि त्याचं दार त्या मोकळ्या जागेत उघडायचं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जायचा. कोण कुणाशी बोलत नाही ते मला वरच्यांच्या आधी कळायचं.

उन्हाळ्यात पंप बंद पडला की वरच्या मजल्यांवर पाणी चढत नसे. माझ्या दाराबाहेरच्या नळाला मात्र खालचं पाणी यायचं. मग बायका बादल्या घेऊन रांगेनं यायच्या. ज्या माझ्याकडं पेलाभर पाणी पीत नव्हत्या त्या बादल्या भरून न्यायच्या. मी एकदा माझ्या नवऱ्याला म्हटलं, "यांचं काय कळत नाही." तो म्हणाला, "कळायचं काय त्यात? नळ सरकारचा आहे, पेला तुझा आहे."

आमचं बोलणं सगळं हिंदीत व्हायचं, किंवा त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि मी माझ्या हिंदीत. इथं मी ते मराठीत लिहिते. माझे दोन्ही मुलगे तर घरातही 'मतलब', 'मतलब' करत बोलायचे. ओरडून काही फायदा नव्हता.

सहाव्या मजल्यावरची बाई माझ्याच वयाची होती. तिचा नवरा सरकारी कचेरीत. जात वरची. कुठली ते लिहून काही फरक पडत नाही. बाई वाईट नव्हती. जाता-येता थांबायची, भाजीचा भाव सांगायची, पण आत यायची नाही. मी "पाणी घ्या" म्हटलं की तिचं व्रत असायचं. तिची सगळी व्रतं खरी धरली असती तर बाईला वर्षात जेवायला दिवस उरले नसते.

तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा विश्वकर्मा नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत कुठंसा सुपरवायझर होता, घर चाकसू गावाकडचं. लग्न थंडीत होतं. त्याच्या आधी मुलाकडून एक माणूस जागा बघायला आला. नवऱ्या मुलाच्या आत्याचा नवरा. त्याला तिकडं फुफाजी म्हणतात, आणि लग्नात फुफाजी रुसले नाहीत तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. हे फुफाजी उंच, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला केशरी साफा. मी दारात सूप घेऊन गहू पाखडत होते. त्यांनी खाली उभं राहून सहाव्या मजल्याकडं बघितलं आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "तोरण कुठं मारायचं?"

तिकडची रीत अशी की मुलीच्या घराच्या दारावर लाकडाचं रंगवलेलं तोरण ठोकतात, त्यावर राघू वगैरे असतात. नवरा मुलगा घोडीवरून येतो, घोडीवर बसूनच त्या तोरणाला तलवार लावतो, मग खाली उतरतो. ते झाल्याशिवाय पुढचं काही नाही. आणि ज्या दाराला तोरण लागलं त्याच दारातून मुलगी सासरी निघते.

मुलीचे वडील म्हणाले, "फुफाजी, मैदानात मोठा शामियाना घालतोय. त्याच्या कमानीला तोरण बांधू."

"तंबूला तोरण मारायचं? तंबू काय मुलीचा बाप आहे? दुसऱ्या दिवशी गुंडाळून टेम्पोत टाकाल."

"मग वर सहाव्या मजल्यावर—"

"घोडी लिफ्टमधून नेणार का?"

चौकीदार हसला. फुफाजींनी त्याच्याकडं बघितलं, मग तो हसायचा थांबला. फुफाजी म्हणाले, "मला घर पाहिजे. चौकट पाहिजे, उंबरा पाहिजे, आत चूल पेटलेली पाहिजे. नाहीतर नवरदेव घोडीवरून उतरणार नाही. सांगून ठेवतो." आणि ते स्कूटरवर मागं बसून निघून गेले.

मुलीचे वडील तिथंच उभे राहिले. त्यांनी पंपाच्या खोलीकडं बघितलं, चौकीदाराच्या खोलीकडं बघितलं, मग माझ्या दाराकडं. मी गहू पाखडत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहावीवाली आली. पहिल्यांदाच आत आली आणि खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "पाणी देऊ?"

"नको भाभीजी, आज व्रत आहे."

"कुठलं?"

"सोमवारचं."

"आज मंगळवार आहे."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "द्या." मी पेला दिला आणि ती पूर्ण प्यायली. गरज होती म्हणून प्यायली, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

मग तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. तिच्या लग्नात तिच्या माहेरच्या घरी काही भांडण झालं होतं, म्हणून लग्न धरमशाळेत केलं आणि तोरण धरमशाळेच्या दाराला मारलं. तिची सासू मरेपर्यंत तिला 'धरमशाळेची' म्हणत होती. चहा सांडला तरी धरमशाळेची, मुलगी झाली तरी धरमशाळेची. "नवरासुद्धा रागात म्हणायचा," ती म्हणाली. "हे असलं माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ नये. तंबूवाली म्हणतील तिला. जन्मभर म्हणतील. भाभीजी, एका दिवसासाठी तुमचं घर माझ्या मुलीचं माहेर होऊ द्या."

मी म्हटलं, "आम्ही कोण ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे."

"आणि मुलाकडच्यांना?"

"त्यांना कोण सांगणार? लग्नात कुणी भाडेकरूची जात विचारत नाही."

"मी आपण होऊन सांगणार नाही," मी म्हटलं. "पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे आत्ताच ऐकून घ्या."

तिनं मान हलवली. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं बुद्धाची मोठी तसबीर होती, काचेची, लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली. दार उघडलं की आधी तीच दिसायची. ती म्हणाली, "ही तेवढी एका संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवली तर?"

"नाही."

"नुसतं एक कापड टाकलं तर?"

"कापड कशाला? थंडी वाजतेय का त्याला?"

"भाभीजी, चेष्टा नका करू. माझा जीव जातोय."

"चेष्टा करत नाही. दार पाहिजे तर घर आहे तसं घ्या. निम्मं घर देता येत नाही."

ती उठून गेली. डोळे पुसत गेली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण उठून तसबीर काढावी असंही वाटलं नाही.

संध्याकाळी माझा नवरा कामावरून आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका संध्याकाळची गोष्ट. काढून ठेवली असती तर काय झालं असतं? आपण काय रोज दिवाणखान्यात उत्सव करतो?"

"मग शास्त्रीनगरातच काढून ठेवायची होती. खोली तरी राहिली असती."

"तिथं तसबिरीमुळं नाही कळलं."

"इथं तसबिरीमुळं कळू दे."

"आणि लग्न मोडलं तर? पोरीचं काय?"

मी कणीक मळायला घेतली. त्यानं बिडी घेतली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तो माझ्यापेक्षा मऊ माणूस. रेल्वेत सगळ्यांशी त्याचं पटायचं.

सहावीवाली परत आली ती दोन रात्री न झोपल्यासारखी दिसत होती. दारातच म्हणाली, "राहू दे तसबीर. जसं आहे तसं." एवढंच बोलून वर गेली.

मग तयारी लागली. आमच्या दाराला उंबरा नव्हता, त्या इमारतीत कुठल्याच दाराला नव्हता. मुलीच्या वडिलांनी सुतार आणून शिसवीची पट्टी बसवून घेतली. मी पुढं महिनाभर तिला ठेचकाळत होते. बायकांनी दाराबाहेर गेरू आणि खडूनं मोठे मांडणे, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या काढल्या, दोन्ही अंगांना हत्ती आणि वर गणपती काढला. मला विचारायला आल्या. मी म्हटलं, "बाहेरची भिंत माझी नाही. काय काढायचं ते काढा." चूल पाहिजे होती, तर माझा गॅस त्यांच्या चालीत बसतो का यावर जिन्याखाली अर्धा तास चर्चा झाली. शेवटी जळता गॅस ही चूलच असं ठरलं. फुफाजी तिथं नव्हते म्हणून लवकर ठरलं.

लग्नाच्या दिवशी मुलीला दुपारपासून माझ्याकडं आणून बसवलं. वरात येईल तेव्हा तिनं त्याच दाराच्या आत असायला हवं होतं. हाताला मेंदी, नाकात मोठी नथ, बसता येत नव्हतं की टेकता येत नव्हतं. मी तिला भुईमुगाचे दाणे सोलून तोंडात घालत होते. ती शहाणी पोरगी होती, बी.ए. झालेली, मोठ्यानं हसायची.

मी विचारलं, "मुलगा बघितलास का?"

"फोटो बघितला, चाचीजी."

"कसा आहे?"

"फोटोत सगळेच बरे असतात." मग म्हणाली, "तुम्ही बघितला होता का चाचाजींना?"

"नाही. आणि फोटोही नव्हता."

"मग?"

"मग काय? आहे तो आहे."

ती हसली आणि नथीनं तिचं नाक दुखलं. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "चाचीजी, आज काही बिघडलं तर आई जगणार नाही."

"जगेल," मी म्हटलं. "त्रास तुला होईल. दाणे खा."

अंधार पडायच्या सुमारास वरात आली. बँड इमारतीच्या आवारात शिरला तसे आठही मजल्यांवर लोक गॅलरीत आले. मोकळ्या जागेतली फरशी गुळगुळीत होती, घोडी घसरेल म्हणून त्यावर पोती पसरली होती. वर छत बुटकं. नवरदेवाच्या साफ्यावरचा तुरा छताला घासत होता आणि तो घोडीच्या मानेवर वाकून बसला होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसत्या फुलांच्या माळा दिसत होत्या.

दारात सहावीवाली आरतीचं ताट घेऊन उभी, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी तिच्या मागं, घराच्या आत. घोडी पोत्यांवर आली आणि फुफाजींनी हात वर केला. बँड थांबला. त्यांना आधी चौकट बघायची होती. काठीनं त्यांनी उंबरा ठोकून पाहिला. तोरण बघितलं. मग वाकून आत बघितलं, चूल पेटलेली आहे का ते. आणि बघताना तसबिरीवर नजर गेली.

"ही कुणाची तसबीर?"

 सहावीवालीनं ताट एका हातावर घेतलं. तिनं मागं हात करून माझं मनगट धरलं आणि नखं रुतली.

फुफाजींनी डोळे बारीक केले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे! हे तर बुद्ध भगवान! विष्णूचा नववा अवतार!" त्यांनी काठी काखेत धरून हात जोडले, मागं वळून वरातीला सांगितलं, "घर शुभ आहे!" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अवतारच ना, बहनजी?"

आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा सगळ्यांनी उभं राहून प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्यात एक हीच होती, की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. मी लहान होते. अवतार म्हणजे काय ते मला नीट कळतही नव्हतं. पण वडिलांच्या शेजारी उभी राहून मी ते मोठ्यानं म्हटलं होतं. आता हा माणूस नेमकं तेच विचारत होता, आणि बाहेर घोडी उभी, आत पोरगी उभी. 'हो' म्हटलं असतं तर मला रात्री जेवण गेलं नसतं. 'नाही' म्हटलं असतं तर 'का' आलं असतं, आणि 'का'चं उत्तर दिल्यावर घोडी परत फिरली असती.

मी म्हटलं, "फुफाजी, घोडी घसरेल. आधी तोरण मारून घ्या. ते मी चहा देताना सांगते."

"बरोबर, बरोबर!" ते म्हणाले. "मुहूर्त जाईल." त्यांनी हात खाली केला, बँड वाजला, घोडी दोन पावलं पुढं आली आणि नवरदेवानं वाकल्या वाकल्याच तोरणाला तलवार लावली. बायकांनी गाणी सुरू केली. सहावीवालीनं माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर नखांच्या चार खुणा होत्या.

मग माणसं मैदानात गेली. पण बाहेर थंडी होती आणि फुफाजींना गुडघेदुखी. ते माझ्या दिवाणखान्यातच बसले, तसबिरीखालच्या खुर्चीवर, आणि म्हणाले, "बहनजी, चहाचं म्हणाला होतात." खोलीत त्या वेळी ते आणि मी, दोघंच. माझा नवरा बाहेर घोडीवाल्याशी बोलत होता.

मी चहा दिला. ते अर्धा प्यायले. मग मी म्हटलं, "मघाचं राहिलं होतं. तो अवतार नाही. आम्ही तसं मानत नाही. तो माणूस होता."

"'आम्ही' मतलब?"

"आम्ही बौद्ध. महाराष्ट्रातले."

माणूस मूर्ख नव्हता. महाराष्ट्रातले बौद्ध म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेल्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं, तिथं तोरण होतं आणि खाली पोत्यांवर खुरांचे ठसे. 

मग विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या बिल्डिंगला."

"वरातीत?"

"तुम्हाला."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही अवताराचं विचारलंत. जातीचं विचारलं नाहीत. आणि विचारलं त्याचं उत्तर मी देते म्हणाले होते, ते दिलं."

"तोरण झाल्यावर दिलंत."

"हो," मी म्हटलं. "पोरीसाठी तेवढं थांबले."

त्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागानं की थंडीनं, कळत नव्हतं. तेवढ्यात वरातीतले दोन म्हातारे आत आले आणि म्हणाले, "काय फुफाजी, चहा एकट्यानंच?" फुफाजींच्या हातात अर्धा पेला. त्यांनी तो खाली ठेवला असता तर विचारलं असतं, का ठेवला? त्यांनी एका घोटात, औषध घ्यावं तसा, तो संपवला. म्हणाले, "चहा ठीक आहे. साखर कमी." आणि उठून मैदानात गेले.

मी स्वयंपाकघरात गेले तर सहावीवाली तिथं उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय केलंत तुम्ही हे? त्यांनी नमस्कार केला होता! घर शुभ आहे म्हटलं होतं! तेवढ्यावर सोडता नाही आलं?"

"तुम्हाला आधी सांगितलं होतं. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"एक शब्द! 'हो' म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती?"

"तुम्हाला एक शब्द. मला तेवढाच तर आहे."

ती जमिनीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. "आता फेऱ्यांत उठून सांगतील. नाही तर घरी नेऊन सांगतील. तंबूवाली परवडली असती." मी तिची समजूत घातली नाही. काय सांगणार होते? फुफाजी काय करतील हे मलाही ठाऊक नव्हतं. मी भांडी घासायला घेतली. थोड्या वेळानं तीही उठली आणि पेले विसळायला लागली, कारण मैदानात पेले कमी पडत होते.

फेरे झाले. कुणी उठून काही सांगितलं नाही. पण सकाळी मुलगी निघायच्या वेळेला फुफाजी दाराशी आले तेव्हा सहावीवालीनं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. मुलगी माझ्या आतल्या खोलीतून बाहेर आली. सगळ्या बायका रडत होत्या. मी रडले नाही, मला रात्रीचं जागरण सोसत नाही म्हणून डोळे तसेही लाल होते. फुफाजींनी मान वर करून तोरणाकडं बघितलं. काठीनं त्याला हळूच ढोसलं.

"समधनजी," ते सहावीवालीला म्हणाले. तिकडं विहिणीला समधन म्हणतात.

"जी."

"एकच खिळा मारलाय. वाऱ्यानं पडेल. दुसरा मारून घ्या. पडता कामा नये."

एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मागून माझा नवरा म्हणाला, "माणूस चांगला निघाला." मी म्हटलं, "चांगला वगैरे नाही. अडकलाय. शुभ घर म्हणून त्यानंच ओरडून सांगितलंय. आता दुसरं सांगितलं तर भाच्याच्या लग्नात चूक कुणाची?" माझा नवरा म्हणाला, "तुला कुणाचं बरं बघवत नाही." त्यानं खिळा आणला आणि स्टुलावर चढून ठोकला.

त्यानंतर सहावीवाली माझ्याशी जेमतेम बोलत होती. भाजीचा भाव सांगायची नाही. मुलीचं पत्र आलं की नाही तेही सांगायची नाही, आणि मी विचारायची नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं की तिला झोप नाही. घरात पोचल्यावर म्हातारा तोंड उघडेल, आज नाही तर उद्या, हेच तिच्या मनात असणार. माझ्याही मनात होतं. नाही म्हणून खोटं कशाला लिहू?

होळीनंतर गणगौर असते, तिकडचा गौरीचा सण. नवं लग्न झालेली मुलगी पहिल्या गणगौरीला माहेरी येते. ती आली, आणि रीतीप्रमाणं आधी माझ्याकडं आली, कारण ती माझ्या दारातून गेली होती. सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि खाली बसली. थोडी बारीक झाली होती. मी कांद्याची पात निवडत होते.

मी म्हटलं, "काय म्हणतात तिकडं?"

"कशाबद्दल?"

"दाराबद्दल. दुसरं कशाबद्दल विचारेन?"

"ते होय?" ती म्हणाली. "फुफाजी सगळ्यांना सांगत असतात, दार मी स्वतः जाऊन पसंत केलं, असं घर आता शहरात मिळत नाही. त्यांच्यापुढं कोण तोंड उघडणार?"

"आणि तुला एकटीला गाठून काही बोलले?"

"एकदा म्हणाले, ती खालची बाई फार खरं बोलते. मी म्हटलं, हो. मग म्हणाले, चहात साखर घालायला शिकव तिला."

"आणि टोमणे?"

"टोमणे मारतात की. भाजीत तेल जास्त. उठते उशिरा. हसते केवढ्यानं."

"खरं आहे का ते?"

"हसण्याचं खरं आहे." आणि ती हसली, तशीच, मोठ्यानं. वर सहाव्या मजल्यापर्यंत गेलं असेल, कारण जिन्यातून तिच्या आईची हाक आली. लिफ्ट बंद होती, ती चालत उतरत होती.

"मग ठीक आहे," मी म्हटलं. "एवढं सगळ्यांनाच ऐकावं लागतं." ती नुसतीच बसली होती, म्हणून मी निम्मी पात तिच्यापुढं ढकलली. दोघींची निवडून झाली तेव्हा तिची आई दारात येऊन पोचली होती, धापा टाकत. मी तिला पाणी दिलं.